एका ओळीची जागा

कलबुर्गी
६ जून २०२३

चि. आप्पास,
आशीर्वाद.

गेल्या बुधवारी मी रिटायर झाले. शाळेत हार घातला, शाल दिली. हेडमास्तरांनी कन्नडमध्ये भाषण केलं आणि सगळ्या भाषणात मला विजयलक्ष्मी म्हणाले. मी दुरुस्त केलं न्हाई. सरकारी शाळेत जन्म काढला की माणूस कुठल्याही नावाला हात वर करतो.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कामून? फोन लावला की आपण दोघं एकदमच बोलतो आणि शेवटी तू ठेवून देतोस. शिवाय घरात वीरेश असतो. मला जे सांगायचंय ते पोराच्या कानावर जायला नको.

आप्पा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय.

हसू नकोस. साठीला आल्यावर सुचलं व्हय, म्हणशील. सुचलं तेव्हा मी वीस वर्षांची होते, तुला ठाऊक आहे. नोकरी राखीव जागेवरची. पाण्यात उतरले की जातीचा दाखला गेला, दाखला गेला की नोकरी गेली. बा मरून गेलेला, अव्वा अंथरुणावर, तू आठवीत दोनदा बसलेला. थांबले. मग थांबायची सवयच लागली.

गावी कमठाण्याला उपासनेला आले की मी शेवटच्या बाकावर बसते. प्रभुभोजनाची थाळी फिरत फिरत येते. माझ्या हातात येते आणि मी ती शेजारच्या नागरत्नाकडं सरकवते. भाकर मोडत न्हाई, कारण बाप्तिस्मा न झालेल्याचा तो हक्क न्हाई. तू चर्चच्या मंडळीचा वडील म्हणून समोर उभा असतोस. थाळी माझ्याकडं आली की तू छताकडं बघतोस. मी बघितलंय.

आता नोकरी सुटली. एकच म्हणणं आहे, लोक जमवू नकोस. शिवशंकरअण्णांची विहीर, पहाटेची वेळ, तू, शकू आणि साक्षीला म्हातारा मारोती. बस्स. लवकर जमलं तर बरं. पाऊस लागला की पायऱ्या निसरड्या होतात, आणि माझे गुडघे तुला माहीत.

उत्तर पत्रानंच दे.

तुझी
अक्का


नौबाद, बीदर
१४ जून २०२३

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सलाम.

पत्र दुकानावर आलं. हातात पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. ती खाली ठेवली, हात धुतले आणि मग पाकीट फोडलं. बाप्तिस्म्याच्या ओळीवर आलो तेव्हा शकूला अशी हाक मारली की तिला वाटलं मला करंट लागला. लाकडी दांडकं घेऊन धावत आली.

ही ओळ ऐकायला मी किती वर्षं बसलो होतो ते सांगत नाही. सांगितलं तर तू डोक्यावर बसशील.

पण पहाटेचं जमायचं नाही. रागावू नकोस, कारण देतो, नीट वाच.

आपल्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही. ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणून पोर ख्रिस्ती होत नाही. मोठं व्हावं, स्वतःच्या तोंडानं मंडळीपुढं साक्ष द्यावी, मंडळीनं उभं राहून होकार द्यावा, आणि मग पाण्यात पुरं बुडवून काढावं. मी मोटरी बांधणारा माणूस. तार किती का सुबक गुंडाळा, कॉईल वार्निशमध्ये पुरी बुडवली नाही तर पहिल्या उन्हाळ्यात जळते. वरून ब्रश फिरवून देणारे बीदरमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्या मोटरी शेवटी माझ्याकडे येतात. चोरून घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे ब्रश फिरवणं.

आपण मूठभर. मेथॉडिस्टांसारख्या आपल्या शाळा नाहीत, दवाखाने नाहीत, बिशप नाही. बाप्टिस्ट म्हणून आपली म्हणावी अशी एकच वस्तू आहे: माणसाचं अंतःकरण आणि देव यांच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. बिशप नाही, राजा नाही, तहसीलदार नाही. आपल्या मताच्या लोकांनी यापायी परमुलखातल्या तुरुंगांत जीव सोडले. आणि ही भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते, हे लोक विसरतात. सरकारनं मंडळीत पाय टाकायचा नाही, तसा मंडळीनंही सरकारात टाकायचा नाही. यंदाच्या निवडणुकीत एक उमेदवार रविवारी कमठाण्याला आला. म्हणाला, दोन मिनिटं बोलू द्या, सभागृहाला फरशी बसवून देतो. मी म्हटलं, "बसा, गाणी ऐका, चहा घ्या. पण या जागेवरून बोलायचं तर आधी स्वतःच्या पापाबद्दल बोलावं लागतं." तो उठून गेला. मारोती अजून कुरकुरतो, "आप्पा, फरशी बसल्यावर हाकलायचं होतंस की."

मी बाविसाव्या वर्षी त्या विहिरीत उतरलो तेव्हा काठावर अर्धं गाव होतं. पुढच्याच महिन्यात आयटीआयची राखीव जागा गेली. मग मोटर बांधायला मला कुणी शिकवलं नाही. जळक्या मोटरी उकलून उकलून शिकलो. इंग्रजी तसंच, शास्त्र तसंच. किंमत उघड दिली आणि मान वर करून चालतो. तुलाही तसंच चालताना बघायचंय.

आणि घाई कसली? शिवशंकरला विचारून ठेवलं. तो म्हणाला, "बुडवा की! आमच्यात लेकरू जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, विषय संपला. तुम्ही साठ साठ वर्षं विचारच करायलाव!" विहीर देतो म्हणाला. दसऱ्यानंतर पाणी निवळतं. तेव्हाचा एक रविवार धर.

तुझा
आप्पा

ता. क. पत्रात एकही चूक सापडली नाही. कन्नड शाळेत राहूनही मराठी शाबूत ठेवलीस, हे कबूल करतो.


कलबुर्गी
३ जुलै २०२३

चि. आप्पास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं. मग पत्र उशीखाली ठेवलं.

जे लिहायचं टाळलं होतं ते आता लिहिते. वीरेशची निवड झाली आहे, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून. यादीत नाव लागलं. आता जातीच्या दाखल्याची पडताळणी आहे. माणूस येणार, गल्लीत विचारणार, त्याचा दाखला माझ्या माहेरच्या गावचा, म्हणून कमठाण्यालाही विचारणार. हे लोक चर्चला जातात काय? आईचा धर्म कुठला? अशा वेळी त्याची आई अर्ध्या गावापुढं विहिरीत उतरली तर काय होईल, तूच सांग. म्हणून पहाट म्हटलं होतं. मला लाज वाटत न्हाई. भीती वाटते, आणि ती माझ्यासाठी न्हाई.

वीरेशला यातलं काही बोलले न्हाई. बोलले तर तो नोकरीला लाथ मारून मोकळा होईल. भाचा कुणाचा आहे?

तू किंमत किंमत म्हणतोस. आप्पा, ही किंमत देवानं लावलेली न्हाई, सरकारनं लावलेली आहे. मग ती गोळा करायचं काम मंडळीनं कामून अंगावर घ्यायचं? तहसीलदाराला दारात उभं करायचं न्हाई म्हणतोस, आणि त्याची वसुली तूच करायलास. बिनपगारी शिपाई!

आणि एक सांगू? बाविसाव्या वर्षी तू मान वर करून पाण्यातून बाहेर आलास, तेव्हा काठावर टॉवेल घेऊन कोण उभं होतं? घरी चूल कुणाच्या दाखल्यावर पेटत होती? तुझं उघडं राहणं माझ्या झाकून राहण्यावर चाललं. मला त्याचं वाईट वाटत न्हाई, आनंदच आहे. पण हिशेब मांडणारा माणूस तू. एक बाजू गाळू नकोस.

बाकी बरं. थोडा अशक्तपणा आहे, डॉक्टर गोळ्या बदलून बघायलेत. दसरा लांब आहे रे.

तुझी
अक्का


नौबाद, बीदर
२२ जुलै २०२३

ती. अक्कास,
सलाम.

बिनपगारी शिपाई. हा शब्द घेऊन मी दोन आठवडे काम केलं. एक मोटर उलटी जोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तू म्हणतेस ते खरं आहे. घर तुझ्या पगारावर चाललं, हे मी कधी नाकारलं नाही आणि नाकारणार नाही. पण उपकाराची परतफेड म्हणून बाप्तिस्मा देता येत नाही. तो माझ्या खिशातला नाही. मंडळीला न विचारता, साक्षीशिवाय, अंधारात मी तुला बुडवलं, तर उद्या तोच नियम सांगायला मी कुठल्या तोंडानं उभा राहू? पाळक महिन्यातून एकदा येतो. बाकीचे रविवार ही माणसं माझ्याकडे बघून चालतात.

शिवाय खरं बोलू? तुला अजून सरकारची भीती देवापेक्षा मोठी आहे. आधी नोकरी, मग मुलाची नोकरी, उद्या नातवाची ॲडमिशन. कैसराचा वाटा कैसराला देता देता देवाच्या वाट्याला तू काय ठेवणार? दसरा लांब आहे म्हणतेस. दसरा दरवर्षी असतो तिथंच आहे. लांब तू आहेस.

पोराचं होऊन जाऊ दे. मग ये. मंडळी कुठं पळून जात नाही. पण येशील तेव्हा दिवसा ये.

आप्पा


कलबुर्गी
१५ सप्टेंबर २०२३

चि. आप्पास,
आशीर्वाद.

बरं. दिवसा येईन.

वीरेशचं अजून काही कळालेलं न्हाई. फाईल फिरायलीय.

विहिरीत पाणी किती आलंय ते कळव. मधल्या टप्प्यापर्यंत आहे की खालच्या पायऱ्या अजून उघड्या आहेत? तुझ्या वेळी दोन माणसांनी तुला धरलं होतं, मला आठवतं. मला तू एकट्यानं धरलंस तरी चालेल. मी आता तेवढी जड राहिले न्हाई.

शकूनं पाठवलेलं लोणचं पोचलं. वीरेशनं संपवलं. मला तिखट सोसत न्हाई हल्ली.

तुझी
अक्का


नौबाद, बीदर
९ नोव्हेंबर २०२३

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सलाम.

बातमी चांगली आहे, म्हणून क्रमानं सांगतो.

पाणी: यंदा पाऊस तुटक झाला. मधल्या टप्प्याच्या खाली पाच पायऱ्या उघड्या आहेत. उभं राहिलं तर पाणी छातीला लागतं. बुडवायला पुरेसं आहे. वजन घटवलंस हे बरं केलंस, गुडघ्यांना आराम पडेल.

आता मुख्य गोष्ट. सोमवारी चौकशीला तलाठी आला. आधी गल्लीत फिरला, मग सभागृहाच्या ओट्यावर येऊन बसला. मी त्या दिवशी कमठाण्यालाच होतो, मारोतीच्या घरचा पंखा बघायला. तलाठ्यानं मला बोलावलं. वीरेशचं नाव वाचलं आणि विचारलं, "याची आई तुमची बहीण ना? ती क्रिश्चन आहे काय?"

मी म्हटलं, "हा प्रश्न विचारायचा अधिकार सरकारला नाही."

तो दमलेला होता. चपला काढून पाय चोळत होता. म्हणाला, "अण्णा, अधिकाराचं मला काय माहीत न्हाई. मला सात गावं आहेत. व्हय म्हणा, न्हाई म्हणा. गप्प बसलात तर मी 'संशय' लिहितो. मग फाईल वरती जाते, आणि वरती गेलेली फाईल लेकराच्या लग्नापर्यंत खाली येत न्हाई."

मारोती माझ्या कानाशी म्हणाला, "आप्पा, एवढ्या बारीला तत्त्व खिशात ठेव."

मी तुझा शब्द आठवला. बिनपगारी शिपाई. वीरेशला आठवलं. आणि मग एक साधी गोष्ट ध्यानात आली, ती एवढे दिवस कशी सुचली नाही याचं नवल वाटलं. तलाठ्याला हवं असलेलं उत्तर खोटं नव्हतंच! आपल्या शिकवणुकीप्रमाणे ते अगदी तंतोतंत खरं होतं. मेथॉडिस्ट असतो तर अडचण होती, त्यांच्यात बाळपणीच पाणी शिंपडतात. आपल्यात तो प्रश्नच नाही.

कागद मागून घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं: "माझी थोरली बहीण विजयश्री ही ख्रिस्ती नाही. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. कमठाणा येथील मंडळीच्या सभासदांत ती कधीही नव्हती व नाही. हे मी मंडळीचा वडील या नात्याने लिहून देत आहे." खाली सही केली. तलाठी वाचून म्हणाला, "अक्षर छापल्यासारखं आहे." मी म्हटलं, "मजकूर पण."

एक अक्षर खोटं नाही, आणि पोराचा रस्ता मोकळा. माझं तत्त्व मी तुझ्यासाठी थोडं वाकवलं, एवढं ध्यानात ठेव.

आता तुझी वेळ. नेमणुकीचा हुकूम डिसेंबर-जानेवारीत येईल. ३१ मार्चला ईस्टर आहे. त्या रविवारी, दिवसाढवळ्या, मंडळीपुढं. तुला मी एकटा धरीन. शकूनं पांढरं लुगडं बघून ठेवलंय.

तुझा
आप्पा


कलबुर्गी
२४ नोव्हेंबर २०२३

चि. आप्पास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. वीरेशचं काम झालं, तुझे उपकार मानते.

तू लिहून दिलंस ते बरोबर आहे. एक शब्द चुकीचा न्हाई. मी बाई शाळेची, लाल पेन घेऊनच वाचते. कुठं खूण करता आली न्हाई.

सरकारी कागदावर धर्म लिहायची वेळ आली की आमचे हेडमास्तर 'हिंदू' लिहायचे आणि मी सही करायचे. प्रत्येक बारीला. तेव्हा काही वाटायचं न्हाई. परक्याचा हात, परक्याचं अक्षर, मनातलं मनात. पण हे तुझं अक्षर आहे, आप्पा. छापल्यासारखं. बा गेला त्या साली कंदिलापाशी पाटी घेऊन मीच ते तुझ्याकडून गिरवून घेतलं होतं. 'ख' तुला यायचा न्हाई. पोट वेगळं, काना वेगळा. हात धरून शिकवला.

त्या हातानं ते वाक्य कधी लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं, एवढंच. तुझी चूक न्हाई.

ईस्टर चालेल. पाणी आटू देऊ नकोस.

तुझी
अक्का


औराद
११ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
सलाम.

मातीच्या दिवशी माणसांत काही बोलता आलं नाही. फोनवरही बोलता येईना. आई तुम्हाला पत्रच लिहायची, म्हणून मीही लिहितो.

मामा, तिच्या पोटातली गाठ गेल्या वर्षी एप्रिलमध्येच कळाली होती. रिटायर व्हायच्या आधी. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं. तुम्हाला कळवू नकोस म्हणून तिनं मला शपथ घातली. म्हणाली, "आप्पाला कळालं तर तो नियम मोडेल, आणि मग जन्मभर स्वतःला मोडेल." कुठला नियम, ते मला कळालं नाही. मला वाटलं औषधपाण्याचं काहीतरी.

बाप्तिस्म्याचं मला दवाखान्यात कळालं, शेवटच्या आठवड्यात. प्रार्थनेला येणारे एक पास्टर होते. चांगला माणूस. त्यांनी तिची अवस्था बघून विचारलं, "अम्मा, इथंच ग्लासभर पाणी घेऊन देऊ काय? देव मोजमाप करत नाही." आई हसली. तशा हालतीत हसली. म्हणाली, "देव करत न्हाई हो, पण माझा आप्पा करतो. कॉईल पुरी बुडाली पाहिजे. वरून ब्रश फिरवलेला त्याला चालत न्हाई." पास्टरना काही कळालं नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि गेले.

मग मी तिला विचारत बसलो, आणि तिनं सगळं सांगितलं. मी खूप ओरडलो. म्हटलं, मला विचारलं असतंस तर मी नोकरी सोडली असती. म्हणाली, "म्हणूनच विचारलं न्हाई." दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तोवर ती बोलायची थांबली होती. तुम्ही तिचा हात धरून बसलात तेव्हा तिच्या तोंडापाशी कान नेऊन काय ऐकायचा प्रयत्न करत होतात, ते मला माहीत आहे. ती काही म्हणाली नसेल. सकाळपासून नुसता श्वास होता.

नोव्हेंबरच्या पत्राचं तुमचं उत्तर आलं काय, असं ती पोस्टमनला विचारायची. रागानं नाही. सवय म्हणून.

हुकूम ती असतानाच आला. तिच्या हातात दिला. मी इथं औरादला रुजू झालो आहे. सोडायचं मनात होतं, अजून आहे. पण सोडलं तर ती ज्यासाठी थांबली ते सगळं फुकट. म्हणून रोज ऑफिसला जातो.

एक मागणं आहे, आणि ते मागताना मला माझीच चीड येते. दगड बसवाल तेव्हा त्यावर नाव आणि साल एवढंच घाला. मंडळीच्या दगडांवर खाली ती ओळ असते ती नको. आपल्या गल्लीत सगळेच मातीत ठेवतात, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. पण त्या ओळीचा फोटो काढून कुणी तक्रार केली, तर फाईल पुन्हा उघडते. इथं एक-दोघं टपलेले आहेत.

मला माफ करा.

तुमचा
वीरेश


नौबाद, बीदर
२ एप्रिल २०२४

चि. वीरेश यास,
प्रभूमध्ये आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दगड बसल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. शनिवारी बसला.

माफी कसली मागतोस? तुझं मागणं बरोबर आहे, आणि मी ते पाळलं आहे.

अक्काच्या त्या पत्राला मी उत्तर लिहायला बसलो होतो. बऱ्याच बाऱ्या. दर वेळी 'ती. अक्कास' एवढं लिहून व्हायचं आणि पुढं माझं अक्षर मला बघवायचं नाही. वाटलं, ईस्टरला येईलच. समोरासमोर बोलू.

मार्चमध्ये मी बीदरला कचेरीत गेलो होतो. तलाठ्याला दिलेला तो कागद मागे घ्यावा म्हणून. पायऱ्यांवर बसलो. आत काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. लिहिलेलं चूक होतं, असं म्हणायचं? चूक नव्हतं. चूक असती तर दुरुस्त केली असती, आयुष्यभर तेच करत आलो. खरं असलेलं कसं दुरुस्त करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही आणि माझं मला शिकता आलं नाही. शिवाय तो कागद हलला की तुझी नोकरी हलणार. म्हणजे तिचं थांबणं हलणार. उठलो आणि दुकानावर आलो. आता तो कागद सरकारात राहील, माझ्या सहीनिशी. माझी बहीण ख्रिस्ती नाही, असं त्यात लिहिलेलं राहील. विचारणारा परका होता. सांगणारा मी.

परवा ईस्टर झाला. विहिरीत पाणी होतं. यंदा बाप्तिस्म्याला कुणी नव्हतं, तरी उपासनेआधी शिवशंकरनं मोटर बंद ठेवली. मी विचारलं, कामून? म्हणाला, "आजच्यासाठी पाणी राखलं होतं, आप्पा. राखलेलं लगेच उपसू वाटेना." तो लिंगायत माणूस. त्याला हे कळालं.

प्रभुभोजनाला थाळी फिरली. शेवटच्या बाकावर नागरत्ना बसते, तिच्याशेजारी अक्काची जागा. ती रिकामी होती, कुणी बसलं नव्हतं. थाळी नागरत्नापाशी आली. तिनं ती पुढच्याला दिली नाही. त्या रिकाम्या जागेसमोर धरून ठेवली. आपल्या नियमात असं काही नाही. सभागृहात सगळे थांबले. मारोती खोकला. मी वडील म्हणून पुढं उभा होतो. मी बोलायला हवं होतं, निदान खूण करायला हवी होती.

मी छताकडे बघितलं नाही. एवढंच सांगतो.

आता दगडाचं. शहाबादी आहे, निळसर, एकजात, कुठं शीर नाही. कडा घासून घेतल्या. नाव, खाली जन्मसाल, मृत्यूसाल. अक्षर मीच कागदावर काढून दिलं, त्यावरून कारागिरानं कोरलं. नाव वरच्या बाजूला घेतलं आणि खाली जागा सोडायला लावली. कारागीर म्हणाला, "अण्णा, मजकूर मधोमध घ्या की. खाली एवढा दगड मोकळा कामून सोडायलाव? बघणाऱ्याला वाटेल मला मोजमाप येत न्हाई."

मी म्हटलं, "मोजमाप माझं आहे. राहू दे."

"मग तेवढा भाग खडबडीतच ठेवतो. काय लिहायचं न्हाई तिथं, घासून काय करायचं?"

"घास," म्हटलं. "बाकीच्या दगडापेक्षा जास्त घास."

त्यानं घासला. मी हात फिरवून बघितला, दोनदा परत घासायला लावला. 'ख्रिस्तात निजली', ही दोन शब्दांची ओळ कागदावर काढून, जागेवर ठेवून, पुरते का ते बघितलं. पुरते. दोन्ही बाजूंना बोटभर उरते. कागद घडी करून तुझ्या मामीकडे दिला आहे.

नोकरी सोडू नकोस. पुरी कर. ज्या दिवशी रिटायर होशील, हार घालतील, शाल देतील, तुझं नाव चुकवतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी कमठाण्याला ये. मी तेव्हा नसेन. एक छिन्नीवाला सोबत आण आणि त्याला सांग, जागा घासलेली आहे.

दिवसा ये.

तुझा मामा
आप्पाराव